पाठीमागे बसून क्लच सोडता येत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते, वय 43, माहेर बार्शीकडचं. लग्नाआधी वडलांची सीडी 100 मी शेतावर न्यायचे, कॉलेजलाही तीच, म्हणजे गिअरची गाडी मला काही नवीन नाही. लग्नानंतर स्कूटी होती पण एकदा घराजवळच्याच वळणावर खडीवरून घसरले, डावं मनगट मोडलं, प्लेट बसली आणि तेव्हापासून जी मागच्या सीटवर बसायला लागले ती आजपर्यंत. मागच्या दिवाळीत यांनी सेकंडहँड रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 घेतली आणि चावी सरळ माझ्या हातात दिली, म्हणाले तुझं मन आहे मला माहितीये, चालव. मला इतकं भरून आलं की काय बोलावं कळेना. पण आता अडचण अशी झालीये की हे शिकवायला मागे बसतात आणि पूर्ण वेळ "क्लच सोड, सोड क्लच, अगं हळू, गिअर टाक की" चालू असतं. परवा आसरा पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, परत चालू केली तर परत बंद, मागे रिक्षावाले हॉर्न मारतायत, घरी येऊन आमचं कडाक्याचं भांडण. सासूबाई अडवत नाहीत पण बघून म्हणतात, "त्याचे हात काय मोडलेत का गं?" लायसन्स 2001 चं आहे, ते चालतं का तेही माहीत नाही. गाडी जड वाटते, पाय जेमतेम टेकतात. सोडून द्यावं का? यांना वाईट वाटेल म्हणूनच चालवतेय का मी, असंही मधूनच वाटतं. (नाव छापू नका, शाळेत सगळे वाचतात.)

उत्तर : सोडू नका. पण आज गाडी रस्त्यावर काढू पण नका, कारण आधी लायसन्स. 2001 साली तुम्ही 19 च्या असाल, तेव्हाच्या नियमाने खासगी लायसन्स 20 वर्षं किंवा वयाच्या 50 पर्यंत, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत असायचं, म्हणजे तुमचं 2021 मध्येच संपलं. संपून वर्षाच्या आत असतं तर नुसतं रिन्यू झालं असतं, वर्ष उलटलं की टेस्ट परत द्यावी लागते. ती द्या. चाळिशी ओलांडली म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, फॉर्म 1ए म्हणतात त्याला, आणि एकदा झालं की या वयात 10 वर्षांसाठी मिळतं. कार्डावर गिअरच्या गाडीचा उल्लेख आहे की बिनगिअरच्या तेही बघून घ्या, खूप जणींचं लायसन्स स्कूटीपुरतंच असतं आणि ते त्यांना पोलिसाने थांबवल्यावर कळतं. आणि हे घरी मोठ्याने वाचून दाखवा : वैध लायसन्स नसताना चालवलं तर 5000 दंड आहे, आणि लायसन्स नसलेल्याला गाडी चालवायला देणाऱ्या मालकाला वेगळा दंड आहे, तोही 5000 पर्यंत, वर तुरुंगाची पण तरतूद आहे. म्हणजे दिवाळीत प्रेमाने चावी दिली ती कायद्याच्या भाषेत थोडी महागात पडू शकते. सेकंडहँड आहे तर आरसी आणि इन्शुरन्स दोन्ही तुमच्या घरच्या नावावर झालंय का तेही त्याच फेरीत बघून टाका.

आता गाडी. क्लासिक 350 चं वजन 195 किलो आहे आणि सीट जमिनीपासून 805 मिलिमीटर. तुमच्या सीडी 100 सारखीच हलकी स्प्लेंडर 112 किलोची, सीट 785. म्हणजे तुम्ही ज्या वजनाच्या गाडीवर शिकलात त्यापेक्षा ही ऐंशी किलोने जास्त, वर मागे अख्खा नवरा. तुमचा हात गेलेला नाहीये, तुमच्यावर ओझं जास्त टाकलंय. माझं ऐका, लायसन्सचं काम होईपर्यंत रस्त्यावर नाही, फक्त खासगी मोकळ्या मैदानात, आणि झाल्यावरही थोडे दिवस कुणाची तरी स्प्लेंडर किंवा तसली हलकी गाडी मागून घ्या, सोलापुरात दर दुसऱ्या घरात एक उभी असते. सीडी 100 ची सगळी सवय तिच्यावर परत येईल, गिअर फक्त उलटसुलट असेल तर आधी मालकाला विचारून घ्या, कारण काही गाड्यांचे चारही गिअर खाली पडतात आणि क्लासिकचा पहिला खाली, बाकी वर.

पाय टेकण्याचं म्हणाल तर दोन्ही पाय सपाट टेकायलाच पाहिजेत असं काही नाही. डावा पाय पक्का टेकला की पुरे, थांबताना सीटवरून थोडं डावीकडे सरकायचं, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. सीटवाल्याकडून फोम थोडा उतरवून घेता येतो, खर्च फार नाही, आणि जाड तळव्याचे बूट घातले की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. चप्पल घालून ही गाडी चालवायची नाही, सँडल पण नाही.

मनगट डावं, म्हणजे क्लचचाच हात. प्लेट बसवली त्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि मग मेकॅनिककडे जाऊन दोन कामं सांगा. क्लच केबल नवीन टाकायची किंवा निदान ऑइल सोडून मोकळी करायची, आणि लिव्हर थोडी खाली फिरवून घ्यायची, इतकी की तुम्ही बसून बोटं ठेवली तर मनगट हाताच्या सरळ रेषेत राहील, वर मुडपणार नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे पण आपल्याकडे लिव्हर जशी कंपनीतून आली तशीच माणूस जन्मभर दाबतो. जुन्या केबलवर अर्धा तास ट्रॅफिकमध्ये काढला की चांगल्या हातालाही कळ येते, तुमच्या हातात तर प्लेट आहे.

गाडी बंद का पडते ते आता. क्लच सोडताना मध्ये एक जागा येते जिथे इंजिनचा आवाज जरा खाली बसतो आणि गाडी पुढे सरकू बघते. तिथे हात थांबवायचा. बस एवढंच आहे, आणि हेच कुणी ओरडून सांगितलं की होत नाही, कारण "सोड" ऐकलं की हात सगळाच सोडतो. दूध उतू येताना आपण त्याच्याकडे बघत गॅस बारीक करतो ना, तेवढंच लक्ष आणि तेवढाच हलका हात. सरावाची पद्धत सांगते : मोकळ्या सपाट जागी पहिला गिअर टाकून रेस अजिबात न देता फक्त क्लच हळूहळू सोडत गाडी चालवायची, 350 चं इंजिन सपाटीवर एवढं ओढतं, माणूस चालतो त्या वेगाने जाईल. परत दाबायचं, थांबायचं, परत. कंटाळा येईपर्यंत करा. मग मागचा ब्रेक हलका दाबून ठेवून तसंच हळू आठचा आकडा काढायचा, नजर चाकाजवळ ठेवायची नाही, जिकडे जायचंय तिकडे मान वळवायची. आरटीओतही हेच आठ काढायला लावतात, एका दगडात दोन.

आणि चढ. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर दाबलेला. क्लच त्या मधल्या जागेपर्यंत आणायचा, आवाज बसला की थोडी रेस, गाडी ब्रेकला ढकलतेय असं जाणवेल, मग ब्रेक सोडायचा. क्रम हा. तुम्ही बहुतेक दोन्ही पाय खाली टेकवून पुढच्या ब्रेकवर गाडी धरत असणार, मग त्याच हाताने रेस द्यायला ब्रेक सोडला की गाडी मागे येते, घाबरून क्लच सुटतो, बंद. आसरा पूल त्यात अरुंद, तिथे चांगले चांगले वैतागतात, शिकायची ती जागाच नव्हे. जुळे सोलापुरातल्या नवीन लेआऊटचे आतले रस्ते, जिथे प्लॉट पडलेत पण घरं नाहीत, किंवा सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतले रुंद रस्ते, सकाळी सहा ते आठ. विजापूर रोड, सात रस्ता, नवी पेठ, ही सगळी नावं पुढच्या महिन्यासाठी ठेवा.

खडीचं पण बोलते कारण ते तुमच्या मनात बसलंय. आपल्याकडे सगळ्यांना लहानपणी शिकवलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबायचा नाही, पडशील. अर्धं खरं आहे. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा. घात होतो तो हँडल वळलेलं असताना, आणि खाली खडी किंवा वाळू असली तर विचारूच नका. म्हणून वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा आणि वळताना ब्रेकला हात नाही. तुमच्या क्लासिकला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, आहे का बघा (2019 नंतरच्या 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना असतंच), पण एकाच चाकाला की दोन्हींना हे विचारून घ्या, आणि एबीएस असलं तरी वळणावरच्या खडीत ते तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका.

आता दाजी, हा भाग तुमच्यासाठी. तुमच्या बायकोने मला ताई म्हटलंय तर तुम्ही दाजीच झालात माझे, म्हणून स्पष्ट बोलते. तुम्ही जे केलंत ते शंभरात एखादा करतो. बायकोला काय आवडायचं हे लक्षात ठेवलंत, पैसे घातलेत, चावी सरळ तिच्या हातात दिलीत. पण आता मागच्या सीटवरून उतरा. पाठीमागे बसून क्लच सोडता येत नाही, आणि सत्तर-ऐंशी किलो वजन मागे असलं की हळू वेगात गाडी तोलायला दुप्पट अवघड होते, हे तुम्हालाही माहितीये, पहिल्यांदा शिकलात तेव्हा तुमच्या मागे कोण बसलं होतं? नवऱ्याने बायकोला शिकवू नये या मताची मी आहे, आणि बायकोने नवऱ्याला पण. गाडी येते पण बोलणं बंद होतं. तुमच्या हातात खरी मदत वेगळीच आहे. सकाळी सहा ते आठ ती गाडी घेऊन बाहेर असेल तेव्हा दूध, डबे, मुलांची व्हॅन, आईंचा चहा, हे सगळं तुम्ही बघायचं, आणि तिला फोन करून "साखर कुठे ठेवलीस" विचारायचं नाही. बाईची गाडी सुटते ती बहुतेक वेळा भीतीमुळे सुटत नाही, सकाळी ते दोन तास तिला कधी मिळतच नाहीत म्हणून सुटते.

फारच करमत नसेल तर लेआऊटवर स्कूटर घेऊन लांब उभे राहा, हाक ऐकू येईल एवढं लांब, सूचना ऐकू येणार नाहीत एवढं लांब. पुढे दोघं दोन गाड्यांवर निघालात तर तिला पुढे राहू द्या, मागे असली की ती तुमचा वेग गाठायला जाईल. आणि मग कधीतरी ती म्हणेल बसा, तेव्हा मागे बसा, ती सांगेल तेव्हाच चढायचं, सिग्नलला पाय खाली सोडायचे नाहीत, वळताना तिच्या खांद्यावरून पुढे बघत बसायचं आणि तोंड बंद.

परत तुमच्याकडे येते. गाडी पडेल, म्हणजे उभी असताना, वळवताना, ते धरूनच चाला. उचलायची कशी ते आधी शिकून ठेवा : इंजिन बंद, गिअरमध्ये टाकायची, उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर ओढून ठेवायचा, मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, कंबर सीटला टेकवायची, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. पाठीने उचलायला गेलात तर पाठ जाईल. तसं सोलापुरात बाईची गाडी पडली की "काय झालं ओ अक्का" करत चार जण येतातच, घ्या त्यांची मदत, लाज कसली.

हेल्मेट तुमचं स्वतःचं घ्या, यांचं नको. भुवयांच्या वर टेपने डोकं मोजून त्या मापाचं, आयएसआय मार्क म्हणजे आयएस 4151, पूर्ण चेहरा झाकणारं. अंबाडा वर बांधला तर हेल्मेट मागून उचललं जातं, वेणी खाली मानेशी घ्या आणि घातल्यावर डोकं जोरात हलवून बघा. ओढणी घरी ठेवायची, नुसती गाठ मारून भागत नाही. मार्चपासून इथलं ऊन तुम्हाला मी काय सांगू, चाळीसच्या वर पारा गेला की वारा गार लागत नाही, उलट भाजतो, म्हणून उन्हाळ्यात हात उघडे ठेवण्यापेक्षा झाकलेले बरे, निघायच्या आधी आणि आल्यावर ताक, आणि नऊच्या आत घरी.

थोडा जम बसला की हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत जाऊन या, तुळजापूर रोडला, थंडीत पक्षी असतात तिथे. मग अक्कलकोट, साधारण 40 किलोमीटर. हत्तरसंग कुडल पण छान, सीना-भीमेचा संगम आणि 1018 सालचा मराठी शिलालेख, गर्दी नसते. एकच बंधन मी घालीन, ऊस चालू झाला की अंधारात हायवेवर यायचं नाही. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाहेर लोंबतोय. जुने जुने चालवणारे त्यात गेलेत.

सासूबाईंना उत्तर देऊ नका. एकदा त्यांना मागे बसवून सिद्धेश्वरला घेऊन जा, पण जानेवारीत गड्डा यात्रेच्या गर्दीत नाही. आणि "यांना वाईट वाटेल म्हणून चालवतेय का" हे तुम्ही विचारलंत, तर तुमच्या पत्रात खताच्या पोत्यापासून कॉलेजपर्यंत जी बाई... नाही, पोतं तुम्ही लिहिलं नव्हतं, ते माझ्या घरचं. पण वडलांच्या गाडीचं नाव तुम्ही नंबरासकट लिहिलंत आणि यांची गाडी कुठल्या रंगाची तेही लिहिलं नाहीत. माझ्या मते गाडी तुम्हाला स्वतःलाच पाहिजे.

प्रश्न : मी 57 वर्षांचा, राहणार अशोक चौकाजवळ. तरुणपणी येझदी होती, अजून आहे, पत्र्याच्या शेडमध्ये 2009 पासून झाकून ठेवलीये. मुलं बाहेरगावी गेली आणि आता मंडळी रोज म्हणतात, "काढा की ओ ती गाडी, मला पंढरपूरला न्या." मला वाटतं या वयात शोभतं का, आणि गाडी तरी चालू होईल का? काय काय करावं लागेल?

उत्तर : काका, शोभतं की नाही ते काकूंनी ठरवून टाकलंय, तुम्ही गाडीचं बघा.

येझदी मैसूरच्या कारखान्यात बनायची आणि 1996 मध्ये ते बंद झालं, म्हणजे तुमची गाडी तिशीच्या पुढची आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, त्यानंतर दर 5 वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नवीन करावं लागतं. पेटीतलं आरसी बुक काढून तारीख बघा. इतक्या वर्षांचं राहिलं असेल तर लेट फी बसेल, खर्चाचा अंदाज आधी घ्या आणि मगच गाडीवर पैसे घाला, उलटं करू नका. तुमचं स्वतःचं लायसन्स पण बघा, पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनीच मिळतं.

शेडमधून काढली म्हणून लगेच किक मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून द्या, आत टॉर्च मारून गंज बघा, तो गंज कार्बोरेटरमध्ये गेला तर मेकॅनिक तुम्हाला वर्षभर फिरवेल. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि हाताने, म्हणजे किक हळू दाबून, इंजिन मोकळं फिरतंय का बघा. पेट्रोलचे रबरी पाइप, वायसर सगळे नवीन टाका, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते जुन्या रबराला खातं आणि ओलही ओढतं, म्हणून पुढेही टाकी भरून महिनोन्महिने उभी करू नका. टू स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं विसरलात तर पिस्टन धरेल, हे तुम्हाला माहितीये पण पंपावरच्या पोराला माहीत नसतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 3708 म्हणजे 2008 सालचा 37 वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, ते टायर काढून टाका, रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात दगा देईल.

गाडी तीच आहे पण रस्ता बदललाय. तुम्ही सोडली तेव्हा पुणे रोड चौपदरी नव्हता, आणि आता पुढची गाडी डिस्क ब्रेक आणि एबीएसवर जागच्या जागी थांबते, तुमचे ड्रम ब्रेक तिथे थांबणार नाहीत. अंतर दुप्पट ठेवा. कानात येझदीचा आवाज घुमत असतो त्यामुळे वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, ते एका अर्थी बरंच आहे. गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारा, कारण येझदीला सेल्फ नाही आणि गिअरचा दांडा तोच किकचा, एकदा उलट झटका बसला की आठवडाभर लंगडाल. डोळेही तपासा, मोतीबिंदू सुरू होत असला तर समोरच्या एलईडीने रात्री काहीच दिसत नाही आणि माणसाला वाटतं लाइटच फार झालेत.

काकूंसाठी : हेल्मेट त्यांनाही सक्तीचं आहे. आणि एका बाजूला पाय सोडून बसायचं बंद, पंढरपूर 70 किलोमीटरच्या वर आहे, तेवढा वेळ तिरकं वजन घेऊन जुनी गाडी चालवणं त्रासाचं आहे आणि पडलं तर बाई थेट रस्त्यावर. सहावारीत सरळ बसता येत नाही म्हणतील तर ड्रेस घालू दे, नाहीतर नऊवारी, नऊवारीत झकास बसता येतं, आपल्या आज्या घोड्यावर काय नेसून बसत होत्या? पहिल्यांदा दोघं गावातल्या गावात फिरा, मग मोहोळपर्यंत, चहा पिऊन परत. गाडी तापून कुठे काय गळतंय ते तेवढ्यात कळतं. आषाढी-कार्तिकीला मात्र गाडी घेऊन जाऊ नका, एसटीने जा.

प्रश्न : तुमचं सगळं वाचते पण माझं उलटं आहे. लग्नाआधी मी मोटारसायकल चालवायचे हे मिस्टरांना कळलं आणि ते मागेच लागलेत, परत चालव, व्हिडिओ काढू, लडाखला जाऊ. मला स्कूटी पुरते, होटगी रोडवरून ऑफिसला जाते आणि येते, मजेत आहे. नाही म्हटलं की म्हणतात तू घाबरतेस. काय सांगू त्यांना?

उत्तर : नको म्हणून सांगा. कारण द्यायची गरज नाही, कारण दिलं की ते त्यावर उपाय शोधत बसतील, जड वाटते म्हटलं तर हलकी आणतील, भीती वाटते म्हटलं तर क्लास लावतील. वरचं पहिलं पत्र आणि तुमचं पत्र यात फरक एवढाच की तिथे तिला पाहिजे होतं आणि त्याने ते ओळखलं, तुमच्याकडे त्यांना पाहिजे आहे आणि ते तुमच्या नावावर टाकतायत. लडाख त्यांनाच गाठायचं असेल तर त्यांनी खुशाल जावं, तुम्ही लेहपर्यंत विमानाने जाऊन त्यांना भेटू शकता, उंचीची सवय व्हायला तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस आराम करावा लागतो, तो हॉटेलात करा. आणि इतका उत्साह आहेच अंगात तर तुमच्या स्कूटीची सर्व्हिसिंग, हवा, पीयूसी आणि इन्शुरन्सच्या तारखा आजपासून त्यांच्याकडे.